सोलापूरचे परस आणि त्याचे पाणी

जुनी दप्तरे चाळणाऱ्यास एक गोष्ट लवकरच ध्यानी येते. त्यांत जिरायत सापडते, बागाईत सापडते, मोटस्थळ आणि पाटस्थळ यांचा हिशेब सापडतो, आंबराईवरून झालेली भांडणेही सापडतात. परंतु न्हाणीमागच्या अळूची, आडाकाठच्या कर्दळीची, माळवदावर चढवलेल्या दोडक्याच्या वेलाची नोंद कोठेही सापडत नाही. कारण उघड आहे. ज्यावर सारा बसतो ते कारकुनाच्या लेखणीखाली येते, आणि परसावर सारा नव्हता. पुढे इंग्रजांच्या पाहणीने शेताचा बांध न् बांध मोजला, तरी गावठाणातल्या घरामागची चार हात जमीन तिच्या नजरेबाहेरच राहिली. शिवाय ते परस सांभाळणारी बहुधा घरातली बाई. तिचा कारभार तोंडी, तिचे बियाणे उतरंडीतल्या एखाद्या मडक्यात राखेत कालवून ठेवलेले. म्हणून परसबागेचा इतिहास लिहावयाचा तर कागद बाजूला ठेवून सणवार, घरांची बांधणी, झाडांची नावे आणि पाण्याची वाट यांनाच साक्षीला बोलवावे लागते. त्या साक्षीवरून आम्ही जे अनुमान काढतो ते प्रारंभीच सांगतो: सोलापुरात घरची बाग ही कधीही मुबलक पाण्याची बाग नव्हती. ती दुसऱ्यांदा वापरलेल्या पाण्याची बाग होती. आणि ते दुसरे पाणी जिकडे गेले तिकडे तिचे नशीब गेले.

आपल्या गावाची पर्जन्यछाया आपणांस ठाऊक आहे. वर्षाकाठी पाऊस सरासरी सुमारे साडेपाचशे मिलिमीटर. तोही बेभरवशाचा, आणि त्याचा मोठा हिस्सा भाद्रपदाच्या आसपास यावयाचा. वैशाखात पारा चाळिसाच्या वर चढून ठाण मांडतो. जमीन कोठे काळी, कोठे मुरमाड. काळी माती पाणी धरून ठेवते, पण सुकली की तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. अशा ठिकाणी फुलझाड लावणे ही चैन आहे असे कोणी म्हणेल. पण मग या गावात तुळस नसलेले अंगण पूर्वी शोधून सापडत नसे, याचा उलगडा काय करावयाचा?

येथील बागेची परंपरा जुनी आहे. बाराव्या शतकात श्रीसिद्धरामेश्वरांनी तलाव बांधला, आणि गावाची ओळख पाण्याच्या काठाशी जोडली गेली. त्या काळी हा मुलूख कल्याणीच्या चालुक्यांचा. त्यांच्यापैकी तिसरा सोमेश्वर याने ‘मानसोल्लास’ नावाचा जो थोर संस्कृत ग्रंथ रचला, त्यात राजनीती, पाकक्रिया, संगीत यांच्या जोडीला उद्यानांचाही विचार आहे. ती झाली राजाची बाग. देवाची बागही होती: कानडी शिलालेखांत देवळाला नेमून दिलेल्या फुलबागेला ‘पूदोंट’ असा गोड शब्द आढळतो. परंतु राजा आणि देव यांच्या बागेपेक्षा आम्हांस एका माळ्याचा मळा अधिक महत्त्वाचा वाटतो. तो मळा आपल्याच जिल्ह्यात, माढा तालुक्यातील अरण या गावी होता. तेराव्या शतकातील संत सावता माळी यांनी आपल्या मळ्यातल्या भाजीपाल्यातच विठ्ठल पाहिला; काम टाकून पंढरीस जाण्याची त्यांना गरज वाटली नाही. परंपरा सांगते की देवच त्यांच्या भेटीस मळ्यात आला, आणि म्हणून विठ्ठलाची पालखी अरणला जाते. १२९५ मध्ये त्यांनी समाधी घेतली. त्याच सुमारास, १२९० मध्ये, ‘ज्ञानेश्वरी’ पूर्ण झाली. माळी नेईल तिकडे निमूटपणे जाणाऱ्या पाण्याचा दृष्टान्त ज्ञानदेवांनी तीत दिला आहे. सांगावयाचे ते असे, की भाजीचा वाफा आणि त्यातून वाहणारा पाट ही मराठी मनाच्या घडणीतच आलेली चित्रे आहेत.

मळा हा धंदा झाला. परस हा प्रपंच. परसाचा सर्वांत जुना पुरावा आम्हांस ऋषिपंचमीच्या ताटात दिसतो. त्या दिवशी बैलाच्या कष्टाचे खावयाचे नाही असा नेम आहे. मग खावयाचे काय? अळू, भेंडी, पडवळ, दोडका, लाल भोपळा, माठ, सुरण; म्हणजे नांगर न लावता, कुदळ-खुरप्याने घराशेजारी जे पिकते ते. माणसाने, आणि विशेषेकरून बाईने, स्वतःच्या हाताने उकरलेल्या जमिनीचे ते अन्न. नांगराची शेती येण्यापूर्वीच्या खुरप्याच्या शेतीची आठवण या एका व्रताने जपून ठेवली असावी, असे म्हणावयास हरकत नाही. व्रत पाळणाऱ्या घराला वर्षातून निदान एक दिवस परसावर जगून दाखवावे लागत असे. नवरात्रात घटाभोवती माती पसरून धान्य पेरण्याची चाल घ्या. नऊ दिवसांत घरातले बी कसे उगवते हे सगळ्या घरासमोर दिसते. धर्माच्या पोटात व्यवहार असा लपलेला असतो.

आता जुन्या घराकडे वळू. कसब्यातील अथवा बाळीवेशीकडील जुनी घरे मातीच्या माळवदांची. माळवदावर पाणी साचणे म्हणजे घराला ओल. म्हणून कुंड्या वर ठेवण्याची सोय नव्हती. वेल खाली जमिनीत लावावयाचा आणि काठीच्या आधाराने वर न्यावयाचा. मूळ न्हाणीपाशी, फळ माळवदावर. उन्हाळ्यात त्या पानांची सावली छताला मिळे, ती वेगळीच. न्हाणीचे पाणी जेथे बाहेर पडे तेथे अळू आणि केळ, कारण या दोघांना पाय ओले लागतात. त्यापुढे कर्दळ, मग पुदिना. जेथे ओल संपत आली तेथे कढीलिंब आणि लिंबू. आणि अगदी कोरड्या कडेला शेवगा, ज्याला पहिली दोन वर्षे जगवले की पुढे फारसे काही मागावयाचे नसते. अंगणात पुढच्या बाजूस तुळस. तिला घागरीतले ताजे पाणी, तेही तांब्याभर. वरवर पाहणाऱ्यास ही झाडे अस्ताव्यस्त वाटली असतील. वास्तविक ती ओलीच्या उतरंडीप्रमाणे लावलेली होती, आणि हे गणित ज्या बायकांनी बसवले त्यांपैकी बहुतेकींना अक्षरओळख नव्हती.

या गणिताची उजळणी आपणही करून पाहू. पाच माणसांच्या घरात माणशी एक बादली, म्हणजे पंधरा लिटर, आंघोळीला धरले तर पाऊणशे लिटर होतात. तांदूळ धुणे, भाजी धुणे, भांडी विसळणे यांचे पंचवीस लिटर मिळवले की शंभर. भर उन्हाळ्यात भाजीच्या वाफ्याला चौरस मीटरमागे रोज सात-आठ लिटर पाणी लागते असे मानले, तर या शंभर लिटरांत बारा चौरस मीटर, म्हणजे सव्वाशे चौरस फुटांच्या आसपास वाफा हिरवा राहतो. घरात पाण्याचा एकही जादा थेंब न आणता! त्यातून ते पाणी झाडाला मानवणारे होते. अंग शिकेकाई-रिठ्याने धुतलेले, भांडी राखेने घासलेली. राखेतला पालाश झाडाच्या उपयोगी. पुढे धुण्याच्या सोड्याचे आणि पावडरीचे दिवस आले. सोडियमयुक्त पाणी रोज पडू लागले की काळ्या मातीचे कण सुटे होऊन ती चिकट बनते, वाळली की दगड होते, आणि मुळांना हवा मिळेनाशी होते. ‘हल्ली मातीतच कस राहिला नाही’ असे म्हणणाऱ्यांनी मोरीतल्या पुड्याकडेही एकवार पाहावे.

परसात लावलेली झाडे तरी सारी येथलीच होती काय? येथे इतिहास आपली थोडी गंमत करतो. सोलापूरचा किल्ला निजामशाही आणि आदिलशाही यांच्यामधील वादाचे हाड होता. चांदबिबीच्या लग्नात तो आंदण म्हणून आदिलशहाकडे गेल्याचे प्रसिद्धच आहे. त्याच आदिलशाहीकडून १५१० मध्ये पोर्तुगीजांनी गोवा घेतला, आणि त्यांच्या गलबतांतून अमेरिका खंडातील झाडे आपल्या किनाऱ्यास लागली. मिरची त्यांतली. तोपर्यंत आपला तिखटपणा मिरी आणि पिंपळी यांच्यावर चालत होता. भुईमूग मूळचा दक्षिण अमेरिकेचा; म्हणजे ज्या शेंगाचटणीवर सोलापूरकर आपले नाव कोरून बसले आहेत, तिच्यातील शेंगाही परदेशी आणि तिखटही परदेशी! पेरू, सीताफळ, पपई, टोमॅटो, बटाटा हीही सारी तिकडची. दसऱ्याचे तोरण ज्याच्यावाचून पुरे होत नाही तो झेंडू मेक्सिकोचा, निशिगंधही तिकडचाच. गुलबक्षी आणि कर्दळ अमेरिकेच्या, सदाफुली मादागास्करची, शेवंती चीनकडची. आपल्या आज्या-पणज्यांनी या पाहुण्यांचा कुळाचार विचारला नाही. पाणी थोडे पिते काय, बी धरते काय, देवाला चालते काय, इतकेच पाहिले आणि त्यांना आपल्यात घेतले.

झाडांच्या बाबतीत दाखवलेले हे औदार्य माणसांच्या बाबतीत मात्र समाजाने दाखवले नाही, आणि हे सांगितल्यावाचून परसाचा इतिहास खरा होणार नाही. बागेला पहिली गरज जमिनीची नव्हे, पाण्यावरील हक्काची. ज्याच्या घरी आड त्याचे परस. ज्याला गावच्या आडावर दोर टाकण्याचीच बंदी, ज्याच्या बाईला कोणी वरून पाणी ओतील म्हणून तासन् तास घागर घेऊन उभे राहावे लागे, तिच्या घरी दुसरे पाणी कोठून उरणार? आडात असूनही पोहऱ्यात येऊ न देणारी ही व्यवस्था होती. महात्मा जोतीराव फुले यांच्या घराण्याचे नावच फुलांच्या व्यवसायावरून पडलेले. पेशव्यांकडे फुले पुरवणाऱ्या या माळी घराण्यातील पुरुषाने १८६८ मध्ये आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला, ही घटना आम्हांस मोठी अर्थपूर्ण वाटते. पाण्याचे मोल माळ्यावाचून कोणास अधिक कळणार? पुढे १९२३ मध्ये मुंबई कायदेमंडळात रावबहादूर बोले यांचा सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव मंजूर झाला. तो कागदावरच राहतो असे दिसताच १९२७ मध्ये डॉ. आंबेडकरांना महाडच्या तळ्यावर जावे लागले. परसातील तुळशीकडे कौतुकाने पाहताना, कित्येकांच्या दारी ती का नव्हती हा प्रश्न विसरता कामा नये.

इंग्रजी अमलात घरच्या बागेला दुसरे रूप आले. १८६० मध्ये आगगाडी सोलापुरास पोहोचली. आगगाडीबरोबर साहेब आले, साहेबांबरोबर बंगले, आणि बंगल्यांच्या पडवीत कुंड्या. या कुंड्यांमागे एका लंडनच्या डॉक्टरची हकिकत आहे. नॅथॅनियल वॉर्ड याला १८२९ च्या सुमारास असे आढळले की बंद काचेच्या पेटीत झाड आपल्याच ओलाव्यावर महिनोन् महिने जगते. १८३३ मध्ये अशा पेट्यांतून झाडे इंग्लंडहून ऑस्ट्रेलियास सुखरूप पोहोचली, आणि मग साऱ्या जगातील पानाफुलांची ने-आण सुरू झाली. क्रोटन, कोलियस, बोगनवेल ही नावे आपल्या तोंडी बसली ती या काळात. पुण्यास १८७३ मध्ये गणेशखिंडीची वनस्पतिबाग निघाली; तेथील वुड्रो साहेबांचे हिंदुस्थानातील बागकामावरील पुस्तक पुष्कळ वर्षे बागवाल्यांच्या हाती होते. फूल द्यावे, फळ द्यावे, निदान औषधाला यावे, ही परसातल्या झाडाची जुनी अट होती. केवळ पाहण्यासाठी झाड ठेवावयाचे ही कल्पना कुंडीबरोबर आली. ती वाईट होती असे आम्ही म्हणत नाही. पण गणेशखिंडीची बाग निघाली त्यानंतर अवघ्या तीन वर्षांत, १८७६ ते १८७८ या काळात, दख्खनवर जो दुष्काळ कोसळला त्यात आपला जिल्हा होरपळून निघाला, हे लक्षात ठेवले पाहिजे. तांदुळजा, घोळ, कुर्डू, टाकळा यांच्या पाल्यावर माणसांनी दिवस काढले. डॉ. लिस्बोआ या विद्वानाने १८८६ मध्ये मुंबई इलाख्यातील उपयुक्त वनस्पतींवर जो ग्रंथ काढला, त्यात दुष्काळात खाल्ल्या जाणाऱ्या वनस्पतींचीही नोंद केली आहे. परसात आपोआप उगवणारे आणि आपण तण म्हणून उपटून टाकतो ते, आमच्या पूर्वजांच्या लेखी हाताशी ठेवलेली ठेव होती.

त्याच दुष्काळात, १८७७ मध्ये, सोलापुरातील पहिली कापडगिरणी सुरू झाली. तिला आपण जुनी गिरणी म्हणतो. मागोमाग लक्ष्मी, नरसिंगगिरजी, विष्णू या गिरण्या उभ्या राहिल्या. खेड्यांतून आणि निजामाच्या मुलखातून माणसे लोटली. गावात घर नाही, रानात शेत नाही, अशा या माणसांच्या वाट्याला चाळीची एक खोली आली. परस संपले, पण हात स्वस्थ बसत नाहीत. रॉकेलचा रिकामा डबा, पुढे डालड्याचा डबा, फुटका माठ, यांना खाली भोक पाडून माती भरली गेली आणि दाराशी तुळस उभी राहिली. सोलापूरच्या चाळीत दारचा डबा पाहून घरची बोली ओळखावी अशी स्थिती होती. पूर्व भागातील पद्मशाली विणकरांच्या घरी अंबाडी. तिला ते पुंटीकुरा म्हणतात, आणि तिच्या आंबट पाल्यावाचून त्यांचे जेवण गोड होत नाही. लिंगायतांकडे बेल, मुसलमानांकडे मेंदी आणि पुदिना, मराठ्यांकडे मिरचीचे रोप आणि गवती चहा. भाद्रपदाच्या अमावास्येपासून तेलुगू भगिनी बतकम्मा मांडतात. तरवड, कुर्डू, झेंडू यांचे थर रचून फुलांचीच देवता करावयाची असा तो सण आहे. ज्या कुर्डूने दुष्काळात पोट भरले त्याच कुर्डूला येथे देवत्व येते! एका गावात चार भाषा सुखाने नांदल्या याचा दाखला आम्हांस सभांतील ठरावांपेक्षा या डब्यांत अधिक सापडतो. कारण भिंतीला भिंत लागली की अंबाडीची जुडी इकडे आणि पुदिन्याची काडी तिकडे जाते.

मग नळ आला. १८७१ मध्ये बांधून पुऱ्या झालेल्या एकरुख तलावाचे पाणी पुढे शहराला मिळू लागले. नंतर टाकळीहून भीमेचे, आणि १९८० मध्ये उजनी धरण झाल्यावर कालांतराने तेथून जलवाहिनीने. नळ हे मोठे पुण्यकर्म होय, यात शंका नाही. बाईच्या डोक्यावरची घागर त्याने उतरवली, आणि पटकीसारख्या रोगांना आळा घातला. परंतु नळाच्या पाठोपाठ गटार येते, आणि आमच्या मते परसबागेच्या इतिहासातील खरी उलथापालथ गटाराने केली. न्हाणीचे पाणी पूर्वी अळूकडे जात असे. आता ते फरशीखालून नाहीसे होऊ लागले. आरोग्याच्या दृष्टीने हे योग्यच होते, कारण दाट वस्तीत साचलेले पाणी म्हणजे डास आणि हिवताप. पण आरोग्याचा हिशेब करताना परसाचा हिशेब कोणी केला नाही. आड बुजले, परसात खोल्या निघाल्या, माळवदाच्या जागी स्लॅब आला. आणि नळाला पाणी येण्याची वाट पाहावयास लागली की कात्री पहिल्याने चालते ती झाडांच्या पाण्यावर.

सरकारास घरच्या भाजीची आठवण होते ती संकटाच्या वेळी. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडात ‘विजयासाठी खणा’ अशी हाक देऊन हिरवळींवर बटाटे लावले गेले. आपल्याकडे त्याच काळात ‘अधिक धान्य पिकवा’ मोहीम निघाली. १९६५ मध्ये पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांनी आपल्या निवासस्थानाच्या बागेत नांगर फिरवून देशाला धडा घालून दिला. १९७२ च्या दुष्काळाने पुन्हा डोळे उघडले. मात्र संकट सरले की मोहीम सरते, कारण ती वरून आलेली असते. याला एक अपवाद म्हणून प्रा. श्री. अ. दाभोळकर यांचे नाव घेतले पाहिजे. गणिताच्या या प्राध्यापकाने ‘प्रयोग परिवारा’तून शेतकऱ्याला आणि गृहिणीलाही स्वतः मोजून, पाहून, टिपून ठेवावयास शिकवले. पानावर पडणाऱ्या उन्हाचा आणि घरातील काडीकचऱ्याचा जमाखर्च त्यांनी मांडला. न्हाणीमागच्या ओलीचे गणित बसवणारी जुनी बाई आणि हे प्राध्यापक यांची जात एकच, असे आम्हांस वाटते.

आज गिरण्यांची धुराडी थंड झाली आहेत, आणि गाव सदनिकांत राहावयास गेले आहे. गच्ची आणि सज्जा हेच आता परस. येथे जुन्या शहाणपणाचा उपयोग नाही काय? आहे. निव्वळ काळी माती कुंडीत भरू नये. तिच्यात शेणखत, पालापाचोळा आणि थोडी वाळू मिसळावी, म्हणजे ती ना चिकटेल ना भेगाळेल. कुंडीचा पृष्ठभाग पाचोळ्याने झाकावा. मोठ्या कुंडीत न भाजलेले नव्हे, पण झिरपणारे साधे मडके गळ्यापर्यंत पुरून त्यात पाणी भरावे. मुळे आपल्याला लागेल तेवढे ओढून घेतात. ही युक्ती चीनमधील दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका कृषिग्रंथात सांगितलेली आहे, आणि मडक्यांना सोलापुरात तोटा नाही. तांदळाचे धुवण, भाजी धुतलेले पाणी, साबणाशिवायचे विसळण यांची बादली वेगळी ठेवावी. पन्नास चौरस मीटर गच्चीवर वर्षाकाठी सत्तावीस हजार लिटरांहून अधिक पाऊस पडतो. त्यातील चौथा हिस्सा साठवला तरी पुष्कळ. आणि शेवटची गोष्ट, बी. एक दोडका, एक भोपळा वेलावर वाळू द्यावा आणि त्याचे बी शेजाऱ्यालाही द्यावे. विकत आणलेले बी त्या वर्षापुरते उगवते. वाटलेले बी गावात राहते.

गावोगाव पाण्याचे हिशेब होतात ते धरणाच्या टक्क्यांत. ते करावेच लागतील. परंतु ज्या गावाने साडेपाचशे मिलिमीटर पावसावर पिढ्यान् पिढ्या अळू आणि केळ पिकवली, त्या गावाने आणखी एक हिशेब करावा असे आम्हांस सुचवावेसे वाटते: घरात आलेले पाणी बाहेर जाण्यापूर्वी किती वेळा उपयोगी पडले? दप्तराने हा आकडा कधी टिपला नाही. तो टिपण्याचे काम आता प्रत्येक घराकडे आहे.